गोटी सोडा, पेप्सी आणि थंडा : पेयांच्या नावांतून भाषेचा पाठ

'माझी उन्हाळ्याची सुट्टी' या निबंधात एखादं मूल हमखास लिहितं, "आम्ही दुकानातून दोन पेप्सी आणल्या आणि चोखून खाल्ल्या." पेप्सी तर पितात, खातात कशी? वहीत लाल रेघ पडते. पण मुलाचं वाक्य बरोबर आहे. आपल्याकडे गावोगावी 'पेप्सी' किंवा 'पेप्सीकोला' म्हणजे प्लॅस्टिकच्या लांब पिशवीत गोठवलेलं रंगीत, गोड पाणी. त्या नावाच्या कंपनीशी त्याचा काही संबंध नाही. दाताने कोपरा फोडायचा, चोखत बसायचं आणि जीभ कुणाची जास्त लाल झाली ते बघायचं!

थंड पेयांची अशी नावं गावागणिक आणि पिढीगणिक बदलतात. ती कशी पडली हे शोधलं, की शब्द कसे घडतात हे मुलांना व्याख्या पाठ न करताही समजतं.

१) जे डोळ्यांना दिसलं, तेच नाव

गोटी सोड्याची बाटली इंग्लंडमधल्या हायरम कॉड यांची. १८७२ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. बाटलीच्या गळ्यात रबराची कडी असते आणि आत काचेची गोटी. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर ढकलली जाऊन कडीला घट्ट बसते, म्हणजे सोडाच स्वतःचं बूच लावतो. गोटी खाली दाबली की 'फस्स' करून वायू सुटतो. ती गोटी आपल्याला मिळावी असं वाटलं नाही, असं मूल विरळाच! कॉड यांचं नाव इथे कुणाला ठाऊक नव्हतं, गोटी मात्र सगळ्यांना दिसली. म्हणून मराठीत गोटी सोडा किंवा गोळी सोडा, तमिळमध्ये गोली सोडा आणि दिल्लीकडे बंटा. बंटा म्हणजेही गोटीच. जपानमध्ये मात्र याच प्रकारच्या बाटलीतल्या पेयाला 'रामुने' म्हणतात. हा शब्द 'लेमनेड'वरून आला. त्यांनी चवीवरून नाव दिलं, आपण गोटीवरून.

२) एका कंपनीचं नाव सगळ्यांना

वनस्पती तुपाला डालडा, छायाप्रतीला झेरॉक्स, तशीच ही पेप्सी. विशेषनामाचं सामान्यनाम झालं. अमेरिकेच्या दक्षिण भागात बरेच लोक कुठल्याही शीतपेयाला 'कोक'च म्हणतात. उलटही घडतं. पाहुणे आले की "थंडा घेणार का?" असं आपण विचारतो. साधं विशेषण इथे नाम झालं. पुढे आमिर खानच्या जाहिरातीने 'ठंडा' म्हणजे कोका-कोला असंच सांगायला सुरुवात केली. सगळ्यांचा शब्द एका कंपनीने आपल्या नावावर करायला घेतला!

३) लांबून आलेले आणि घरचे शब्द

'पन्हं' संस्कृत 'पानक' वरून आलं. 'सरबत' हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. कोकम सरबत ज्या फळाचं करतात, त्याला कोकणात रातांबा म्हणतात, तर गोव्याकडे आणि सिंधुदुर्गात भिरंड. फळ तेच, सरबतही तेच.

४) पिढीबरोबर जाणारे शब्द

१९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली. त्याच वर्षी थम्स अप आलं. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे ब्रँड विकत घेतले. थम्स अप टिकलं, गोल्ड स्पॉट बाजारातून गेलं. आज चाळिशी ओलांडलेल्या पालकांना 'गोल्ड स्पॉट' म्हटलं की नारिंगी रंग आणि लग्नाचा मांडव आठवतो. मुलांना त्या नावाने काहीच आठवत नाही. वस्तू गेली की काही वर्षांत तिचा शब्दही जातो.

मग वर्गात काय करावं? प्रमाण शब्द शिकवायचाच, पण घरचा शब्द खोडून नव्हे. 'पेप्सी' खाली रेघ मारण्याऐवजी समासात लिहूया, "पेप्सी म्हणजे काय, एका वाक्यात सांग." मुलाला वर्णन करावं लागतं आणि आपला शब्द चुकीचा आहे असंही वाटत नाही. एकदा घरचा शब्द चुकीचा ठरला, की मूल पुढच्या निबंधात स्वतःचं न लिहिता गाईडमधलं लिहायला लागतं.

उपक्रम (इयत्ता ५ वी ते ७ वी) : वहीत तीन रकाने आखा : आजी-आजोबा, आई-बाबा, मी. प्रत्येकाला विचारा, "लहानपणी उन्हाळ्यात काय प्यायचात? त्याला काय म्हणायचात? कुठे मिळायचं?" मग प्रत्येक नाव कशावरून पडलं ते गटात ठरवा : दिसण्यावरून, चवीवरून, कंपनीवरून की दुसऱ्या भाषेतून?

पालकांनो, हा गृहपाठ मोबाईलवर शोधून होणार नाही. संध्याकाळी दहा मिनिटं मुलांजवळ बसा आणि तुमचे शब्द त्यांना सांगा.