मोजक्या संदेशांवर उभे राहिलेले यंत्रव्यूह : १९८७ ते २०२२

अनेक यंत्रमानवांनी ठरावीक आकृतीत उभे राहावे, ती न मोडता पुढे सरकावे आणि हे सारे परस्परांशी जेमतेम संपर्क ठेवून साधावे, या प्रश्नाचा साडेतीन दशकांचा प्रवास पाहिला, तर संशोधकांनी संदेशवहन वाढविण्यापेक्षा त्याची गरज घटविण्याकडेच अधिक लक्ष दिले, असे दिसते. प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे म्हटले, तर दहा यंत्रांत ४५ जोड्या होतात आणि हजारांत सुमारे पाच लाख. एवढ्या गलबल्यात कोणाचाच संदेश धड पोहोचत नाही.

या विचाराचे एक मूळ संगणकीय चलच्चित्रांत सापडते. १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स यांनी पडद्यावर पाखरांचे थवे उडविले, तेव्हा प्रत्येक पाखराला तीनच नियम दिले होते : शेजाऱ्याला धडकू नये, त्याच्या दिशेशी व वेगाशी जुळवून घ्यावे आणि जवळपासच्या घोळक्याच्या मध्याकडे सरकत राहावे. थव्याला मात्र नेमका आकार नसतो. तो आकार टकर बाल्च आणि रोनाल्ड आर्किन यांनी १९९८ च्या निबंधात हाताळला. आडवी रांग, उभी रांग, चौकट आणि पाचर या चार रचनांत यंत्रमानवाने आपली जागा समूहाच्या मध्यबिंदूवरून, म्होरक्यावरून की शेजाऱ्यावरून ठरवावी, हे त्यांनी तपासले. मध्यबिंदू काढायचा तर सर्वांचा ठावठिकाणा कळावा लागतो, म्होरक्याच्या मागे जायचे तर एकट्याचा पुरतो; संपर्क तोकडा असेल तेथे ही दुसरी रीत सोयीची ठरते.

सिद्धान्तकारांनी तर बोलणेच काढून टाकले. इचिरो सुझुकी आणि मासाफुमी यामाशिता यांनी १९९९ मध्ये निनावी, एकसारखे आणि केवळ पाहू शकणारे यंत्रमानव कल्पिले, आणि आरंभीची मांडणी सममित असेल, तर सर्वांना सारखेच दृश्य दिसून सारे सारखेच पाऊल टाकत असल्याने ती सममिती मोडता येईलच असे नाही, हे दाखविले. २००३ मध्ये अली जदबाबाई, जिए लिन आणि स्टीफन मोर्स यांनी शेजाऱ्यांच्या दिशांची सरासरी घेत राहिल्यास, दुवे तुटत-जुळत असले तरी ठरावीक काळात ते एकत्रितपणे सर्वांना जोडत असतील, तर समूहाची दिशा एक होते, हे गणिताने सिद्ध केले.

या साऱ्याची मोठी परीक्षा २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मायकेल रूबेन्स्टाइन, राधिका नागपाल आणि त्यांचे सहकारी यांनी घेतली. त्यांचा 'किलोबॉट' जेमतेम ३३ मिलिमीटर व्यासाचा, चाकांऐवजी ताठ पायांवर थरथरत सरकणारा आणि टेबलाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या अवरक्त किरणांनी सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंतच बोलू शकणारा होता. चार यंत्रे बीज म्हणून ठेवली जात. बाकीची यंत्रे शेजाऱ्यांकडील सर्वांत लहान आकड्यात एक मिळवून बीजापासूनचे आपले अंतर अजमावत, कडेने फिरत, स्थिरावलेल्या शेजाऱ्यांपासूनची अंतरे मोजून आपले स्थान काढत आणि हव्या त्या आकृतीत जागा मिळताच थांबत. अशा रीतीने १,०२४ यंत्रमानवांनी चांदणी, पाना आणि इंग्रजी 'के' हे अक्षर साकारले, मात्र एकेका आकृतीला सुमारे बारा तास लागले. वाटेत अडकलेले एखादे मंद यंत्र मागच्यांचा खोळंबा करी, हेही खरे.

पुढची पायरी मोकळ्या हवेतली होती. बुडापेस्ट येथील गटाने २०१८ मध्ये तीस ड्रोन मध्यवर्ती नियंत्रणाविना उडविले, तर २०२२ मध्ये चीनमधील झेज्यांग विद्यापीठाच्या दहा छोट्या ड्रोनांनी बांबूच्या दाट बनातून उपग्रहीय दिशादर्शनाशिवाय वाट काढली. त्याच वर्षी दिल्लीत 'बीटिंग रिट्रीट' सोहळ्यात हजार ड्रोन झळकले. परंतु अशा प्रकाशखेळांत मार्ग सहसा आधीच आखलेले असतात, म्हणून त्यांची गणना या परंपरेत करणे योग्य नव्हे. हार्वर्डचे हजार यंत्रमानव सपाट टेबलावर मुंगीच्या पावलांनी सरकत होते, आणि बुडापेस्ट व झेज्यांगच्या प्रयोगांतील ड्रोनांची संख्या दोन आकडीच होती.