गाडी न घेता रत्नागिरी: स्टेशनपासून पुळ्यापर्यंत

आजचा एपिसोड त्यांच्यासाठी, जे स्वतःची गाडी न घेता रत्नागिरीला येणार आहेत. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा.

आधी माझी चूक सांगतो. गेल्या डिसेंबरात आईला घेऊन गणपतीपुळ्याला गेलो. जाताना एसटी आरामात मिळाली. परतीचं मी विचारलंच नाही, म्हटलं फोनवर बघू. दर्शन झालं, सूर्यास्त झाला, आणि स्टॉपवर आलो तर शेवटची गाडी गेलेली. रात्री मुंबईची ट्रेन होती. आईचे गुडघे दुखत होते, पण ती काही बोलली नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेवटी एका रिक्षावाल्या काकांनी सोडलं. ट्रेन मिळाली, पण अगदी धावतपळत.

तर आता नीट सांगतो.

पहिली गोष्ट, रेल्वे स्टेशन शहरात नाही. ते कुवारबावजवळ आहे, बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटर. बाहेर रिक्षा असतात, बसण्याआधी भाडं ठरवा. सामान कमी असेल तर मुख्य रस्त्यावर या. हातखंब्याकडून शहरात जाणाऱ्या एसट्या तिथूनच जातात. परतताना हे अंतर हिशोबात धरा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही तपासा.

खासगी बसने येत असाल तर तिकीट काढतानाच विचारा, 'शहरात सोडणार की हातखंब्याला?' हातखंबा महामार्गावर आहे, शहरापासून बारा-तेरा किलोमीटर. मध्यरात्री तिथे बॅग घेऊन उभं राहण्यात मजा नाही.

शहरात फिरायला एसटीच्याच सिटी बस आहेत. टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग हे सगळं एका दिवसात होतं. पण रत्नदुर्गाला चढ आहे, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी असतील तर रिक्षाच करा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. भाट्याच्या किनाऱ्यावर जायचं तर पावसची एसटी धरा, ती भाट्याच्या पुलावरून जाते.

गणपतीपुळ्याला दोन रस्ते आहेत. आरे-वारेमार्गे साधारण २५ किलोमीटर, समुद्राच्या कडेकडेने. निवळीमार्गे बराच वळसा पडतो. म्हणून चढण्याआधी कंडक्टरला विचारा, 'आरे-वारेवरून का?'

पुढे गुहागरला जायचं असेल तर जयगडहून तवसाळला फेरीबोट आहे. माणसं, बाईक, कार सगळं जातं.

तिकिटाचं म्हणाल, तर एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या शहरात आपल्याला सवय असते, अ‍ॅप उघडलं की दोन मिनिटांत गाडी दारात. इथे संध्याकाळनंतर तसं गृहीत धरू नका. जाताना उतरतानाच कंडक्टरला विचारा, 'परतीची शेवटची गाडी किती वाजता?' आणि तिच्या आधीची गाडी पकडा. शेवटची चुकली तर मागे काहीच नसतं. आधीची चुकली तर शेवटची असते.

पुढच्या महिन्यात आईला पावसला नेतोय. या वेळी परतीची वेळ तिनेच विचारायची, असं ठरलंय. तिचा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.