धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा

धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा : सोडियमाची दोन कार्बोनेटी लवणे. दोन्ही पांढरी, पाण्यात विरघळणारी व क्षारधर्मी आहेत. मात्र त्यांची प्रबलता व उपयोग भिन्न आहेत. कार्बॉनिक अम्लाच्या रेणूतील दोन्ही हायड्रोजन अणूंच्या जागी सोडियम आल्यास सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) मिळते. एकाच्याच जागी आल्यास सोडियम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा) मिळते. उरलेल्या या एका हायड्रोजनामुळे दोहोंच्या गुणधर्मांत मोठा फरक पडतो.

गुणधर्म : धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात, वजनाने हे स्फटिकजल सु. ६३ टक्के भरते. कोरड्या हवेत ते उडून जाऊन स्फटिकांची भुकटी होते. निर्जल कार्बोनेट ८५१° से.ला वितळते, साध्या आचेवर त्याचे अपघटन होत नाही. खाण्याचा सोडा मात्र सु. ५०° से.पासून अपघटन पावू लागतो व १००° से.च्या वर जलद पावतो. १६८ ग्रॅ. सोड्यापासून १०६ ग्रॅ. कार्बोनेट, १८ ग्रॅ. पाणी व ४४ ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड मिळतात. खाण्याच्या सोड्याच्या विद्रावाचे पीएच मूल्य सु. ८·३, तर धुण्याच्या सोड्याच्या विद्रावाचे ११ च्या आसपास असते.

आढळ व उत्पादन : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्यात ही दोन्ही लवणे मिठासह आढळतात. अशनिपाताने बनलेल्या या विवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. त्यामुळे बाष्पीभवनाने क्षार साठत जातात. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ते गोळा करीत. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्यांच्या प्रकारांची नावे होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या आईन-इ-अकबरीत येथील काच व साबण यांच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. २०२० मध्ये या सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला.

सॉल्व्हे पद्धतीत मिठाच्या संपृक्त विद्रावात अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. त्यात कमी विद्राव्य असलेले बायकार्बोनेट प्रथम साक्याच्या रूपात वेगळे होते. ते भाजून कार्बोनेट मिळवितात.

उपयोग : धुण्याचा सोडा दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम अविद्राव्य कार्बोनेटाच्या रूपात काढून टाकतो, त्यामुळे साबण कमी लागतो. लोकर, रेशीम व ॲल्युमिनियमाची भांडी यांना तो अपायकारक आहे. खाण्याचा सोडा दही, ताक यांतील अम्लाशी संयोग पावून लगेच वायू मुक्त करतो व पीठ फुगते. कार्बोनेटाचे मात्र अम्लाने प्रथम बायकार्बोनेट होते व नंतर वायू निघतो. त्यामुळे तेवढ्याच वायूसाठी दुप्पट अम्ल लागते. अम्लाच्या मानाने सोडा जास्त पडल्यास पदार्थात कार्बोनेट उरते व त्याला साबणासारखी चव येते. पापडखारात कार्बोनेट असते. म्हणून तो अल्प प्रमाणातच वापरतात.

ओळख व दक्षता : केवळ रंगरूपावरून भुकट्या ओळखता येत नाहीत. मॅग्नेशियम सल्फेटाच्या थंड विद्रावात कार्बोनेट पांढरा साका देते. बायकार्बोनेट तो तापविल्यावरच देते. चव घेऊन पारख करू नये. धुण्याचा सोडा तोंड, अन्ननलिका व डोळे यांना दाहक आहे. तो डोळ्यात गेल्यास डोळा भरपूर पाण्याने धुवावा. पोटात गेल्यास उलटी न करविता त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. दोन्ही सोडे नावाच्या चिठ्ठ्या लावून वेगवेगळ्या जागी ठेवणे इष्ट होय.