रिपोर्ट लिहून झाल्यानंतरचे शिक्षण

भारतातले पहिले एमआरआय यंत्र 1986 मध्ये दिल्लीतल्या ‘इनमास’ या संरक्षण संशोधन संस्थेत बसले. आज दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या पट्ट्यात एमआरआय केंद्र शोधायला लांब जावे लागत नाही. स्तनाचा एमआरआय नीट वाचणारा रेडिओलॉजिस्ट मात्र शोधावा लागतो. यंत्र विकत घेता येते. ही नजर घडवायला वर्षे लागतात.

या तपासणीत स्त्री पालथी झोपते. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य सोडतात आणि त्याआधी एकदा व नंतर काही मिनिटे लागोपाठ चित्रे घेतात. कर्करोगाच्या गाठीभोवती घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्यामुळे द्रव्य तिथे पहिल्या दोन मिनिटांतच भरते आणि बऱ्याचदा तितक्याच लवकर ओसरते. निरुपद्रवी गाठीत ते सहसा सावकाश चढत राहते. क्रिस्टियाने कूल या जर्मन रेडिओलॉजिस्टने 1999 मध्ये या चढउताराच्या आलेखांचे तीन प्रकार मांडले, आणि शिकाऊ डॉक्टर आजही तेच आधी शिकतात.

अडचण अशी की आलेख पुष्कळदा फसवतो. तरुण मुलींमधली साधी फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठही द्रव्य भरून चित्रात झपाट्याने उजळते, तर दुग्धनलिकेतच थांबलेला सुरुवातीचा कर्करोग कधी अगदी संथपणे उजळतो. मासिक पाळीच्या उत्तरार्धात निरोगी स्तनही चमकतो. म्हणून तातडी नसेल तर पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत तपासणी करतात. गाठीची कड, आतली रचना, उजळलेला भाग नलिकेच्या दिशेने पसरला आहे का, हे सगळे एकत्र तोलावे लागते. 2003 मध्ये ‘बाय-रॅड्स’ या रिपोर्ट लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीत एमआरआयच्या वर्णनासाठी ठरावीक शब्द मिळाले. शब्द पाठ होतात. ते कोणत्या चित्राला लावायचे, हे पाठांतराने येत नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. स्तनाचा क्षयरोग आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हा दाह, दोन्ही एमआरआयवर कर्करोगाचे हुबेहूब सोंग घेतात. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत त्यांना दोन-चार चित्रांची जागा मिळते. आपल्या डॉक्टरला मात्र ते ओळखावेच लागतात. शिवाय आपल्या स्त्रियांना हा कर्करोग पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा साधारण दशकभर आधी गाठतो. त्या वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफी अपुरी पडते आणि एमआरआयवरचा भार वाढतो.

अनेक रुग्ण मोठी गाठ घेऊनच रुग्णालयात येतात. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया. केमोनंतर रक्तवाहिन्या मरगळतात, द्रव्य शिरत नाही, गाठ नाहीशी झाल्यासारखी दिसते. विखुरलेल्या पेशी मात्र उरलेल्या असू शकतात. इथे दिल्लीच्या ‘एम्स’ने मोलाचे काम केले आहे. एन. आर. जगन्नाथन व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये दाखवले की, केमोला प्रतिसाद देणाऱ्या गाठींमधला कोलीन या रसायनाचा संकेत कमी होतो किंवा लोपतो. चित्राच्या जोडीला रसायनाची साक्ष मिळाली.

नजर कच्ची असेल तर नुकसान दोन्हीकडून होते. एकीकडे रोग निसटतो, दुसरीकडे नसलेल्या रोगासाठी सुई टोचली जाते, कधी स्तनही जातो. ब्रिटनमधल्या 45 केंद्रांत 1,623 स्त्रियांवर झालेल्या ‘कॉमिस’ चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय करूनही पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण घटले नाही. दोन्ही गटांत ते 19 टक्केच राहिले. 2010 मध्ये हे निष्कर्ष आल्यावर अनेक केंद्रांकडे या वाचनाचा पुरेसा अनुभव नव्हता, अशी टीका झाली. मला ती रास्त वाटते.

हा अनुभव नुसता चित्रांच्या संख्येने येत नाही. रिपोर्ट लिहिल्यावर बायोप्सीत काय निघाले, शस्त्रक्रियेत गाठ किती मोठी भरली, हे कळले तरच पुढच्या वेळी डोळा सुधारतो. एम्ससारख्या संस्थेत रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन एकत्र बसून हे ताडून पाहू शकतात. पण स्कॅन नोएडात, बायोप्सी गुरुग्राममध्ये आणि शस्त्रक्रिया तिसरीकडे झाली, की पहिल्या डॉक्टरला आपले चुकले की बरोबर आले हे कळतच नाही. रेडिओलॉजीतल्या एमडीच्या तीन वर्षांत मेंदूपासून घोट्यापर्यंत सारे शरीर शिकायचे असते. त्यात स्तनाच्या वाट्याला थोडेच येते. त्यामुळे या विषयाचे वेगळे प्रशिक्षण आणि त्यात प्रत्येक रिपोर्टचा निकालापर्यंत पाठपुरावा सक्तीचा हवा, असे माझे ठाम मत आहे.

‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि 98 हजारांहून अधिक दगावल्या. रेडिओलॉजिस्टच्या या प्रशिक्षणाला आपणही हातभार लावू शकतो. तपासणीला जाताना जुने रिपोर्ट आणि सीडी सोबत न्या, पाळीची तारीख सांगा. आणि बायोप्सीचा निकाल हाती आला की त्याची एक प्रत एमआरआय केलेल्या केंद्रात, ज्यांनी तो वाचला त्या डॉक्टरांच्या नावाने, नक्की पोहोचवा.