कंदमुळातली गोळी : नैसर्गिक कोणती, कृत्रिम कोणती?

पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास बाईची पाळी अनियमित होते आणि पुढे थांबते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने पातळ भिजते, झोप उडते. घरातले म्हणतात, 'आई हल्ली फार चिडते.' पण यात आईचा दोष नसतो. बीजकोषांत तयार होणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, कमी झालेली असतात. अशा वेळी कोणीतरी सांगते, 'डॉक्टरी गोळ्या कृत्रिम, त्या नकोत. हे झाडपाल्याचे घ्या.' हे कितपत खरे?

पूर्वी संप्रेरके जनावरांच्या अवयवांतून काढत. हजारो डुकरिणींचे बीजकोष वापरून चिमूटभर प्रोजेस्टेरॉन मिळे. ते सोन्याहून महाग होते. १९४२ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागातून एक रानकंद मिळवला. तो आपल्या कोनफळाच्याच कुळातला. त्यातील डायोस्जेनिन या द्रव्यापासून त्यांनी प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन तयार केले. ते बाईच्या शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनसारखे हुबेहूब होते. पुढे बारबास्को नावाच्या कंदात हे द्रव्य अधिक सापडले. तो जंगलातून खणून आणणारे हात गरीब शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे होते. १९५१ साली मेक्सिकोतच लुईस मिरामोंतेस या तरुण विद्यार्थ्याने नोरेथिस्टेरॉन बनवले. ते शरीरात कधीच तयार होत नाही. पुढे ते संततिनियमनाच्या गोळ्यांत वापरले गेले.

म्हणजे एकाच कंदापासून शरीरासारखे औषधही झाले आणि वेगळेही. उलट गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन निसर्गातलेच असते, पण त्यातले बरेचसे बाईच्या शरीरात नसते. तेव्हा औषध कुठून आले यापेक्षा ते शरीरात काय करते, हे महत्त्वाचे.

मग कंद खाल्ला तर? उपयोग नाही. डायोस्जेनिनचे प्रोजेस्टेरॉन कारखान्यात होते, पोटात नाही. त्यामुळे रानकंदाचे मलम 'नैसर्गिक हार्मोन' म्हणून विकणाऱ्यापासून सावध राहा. सोयाबीनमधील द्रव्ये इस्ट्रोजेनसारखे काम करतात, पण फार क्षीणपणे. सोयाबीन आहार म्हणून उत्तम, परंतु ते उपचाराची जागा घेत नाही.

डॉक्टरी गोळ्याही निर्धोक नाहीत. घोडीचे इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन एकत्र देऊन अमेरिकेत सोळा हजारांवर स्त्रियांची पाहणी चालली होती. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसल्याने २००२ साली ती मुदतीआधीच थांबवली. तरीही त्रास फार असेल आणि वय साठच्या आत असेल, तर तपासणीनंतर अनेकींना ही औषधे देता येतात. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने मात्र ती मनाने कधीच घेऊ नयेत.

भगिनींनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी थेंबभर जरी, तर 'वयाचे आहे' म्हणून अंगावर काढू नका. मजुरीचा एक खाडा होईल, होऊ द्या. सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा. आणि मुलांनो, आई चिडली तर तिला आधी विचारा, 'आई, रात्री झोप लागली का?'