सिएटल ते जॅस्पर : तयारी बदलली, वाट तीच

सिएटलच्या आसपास, रेडमंड-बेलव्ह्यू-बॉथेलच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळा जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो : यंदा बॅन्फ का? कॅनडातल्या या उद्यानाचं अंतर साधारण साडेनऊशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-बंगळूरुएवढं. सुमासला सीमा ओलांडायची, होपपासून कोकिहाला हायवे धरायचा, कॅमलूप्स, रेव्हेलस्टोक, रॉजर्स पास आणि गोल्डन करत रॉकीजच्या कुशीत शिरायचं. गेल्या पंचवीस वर्षांत हा रस्ता फारसा बदलला नाही. कोकिहालावरचा दहा डॉलरचा टोल २००८ मध्ये गेला, आणि नोव्हेंबर २०२१ च्या पुराने त्याच हायवेचे पूल वाहून नेले, तरी काही आठवड्यांत तात्पुरत्या दुरुस्तीने वाहतूक सुरू झाली. बदलली ती निघण्याआधीची तयारी.

२००० च्या सुमाराला ही तयारी कागदावर व्हायची. ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेच्या कचेरीत जाऊन सांगितलं की तिथली बाई ट्रिपटिक बनवून द्यायची : वर स्पायरल लावलेली, पानामागून पान उलटायची नकाशांची लांबट वही, आणि त्यावर आपला रस्ता हायलायटरने रंगवलेला. कॅम्पसाइटचं फारसं बुकिंग कुणी करत नसे. दुपारी बाराच्या आत पोहोचलं की जागा मिळायची. फाटकापाशी पाकिटं ठेवलेली असत. त्यात नोटा घालायच्या, वर गाडीचा नंबर लिहायचा, पाकीट लोखंडी पेटीत टाकायचं आणि फाडलेली चिठ्ठी आपल्या जागेच्या खांबाला अडकवायची. झालं आरक्षण. एखादं तळं आवडलं तर मुक्काम वाढायचा, पाऊस लागला तर तंबू गुंडाळून पुढच्या गावी.

त्या काळात धास्ती असायची ती सीमेची. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला कॅनडाचा व्हिसा घ्यावा लागे, तो आजही लागतो. खरी मेख परतीच्या वाटेवर. पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा संपलेला, स्टँपिंगला भारतात जायला सवड नाही, तर परत कसं यायचं? त्यावरचा तोडगा म्हणजे ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन : कॅनडात तीस दिवस किंवा त्याहून कमी राहिलात, अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद असलेलं आय-९४ वैध असलं आणि तिथे नव्या व्हिसासाठी अर्ज केला नसेल, तर संपलेल्या व्हिसावरही आत घेतात. म्हणून नव्याने आलेल्यांना जुनी मंडळी पहिला सल्ला द्यायची तो पासपोर्टात टाचलेल्या त्या पांढऱ्या आय-९४ कार्डाचा. कुणी मागितलं तर दाखवा, पण हातातून सोडू नका. २०१३ पासून विमानतळावर ते कार्ड मिळेनासं झालं, नोंद संगणकात गेली. आता निघण्याआधी तिचा छापील कागद काढून जवळ ठेवायचा.

एकाच गाडीत कागदांची तऱ्हा तरी किती! आई-बाप भारतीय पासपोर्टवर, पुण्याहून आलेले आजी-आजोबा पर्यटक व्हिसावर, आणि मागच्या सीटवर पेंगणारं अमेरिकेत जन्मलेलं पोर, ज्याला सोळाच्या आत नुसता जन्मदाखला पुरतो. आई-वडिलांपैकी एकच जण बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ असलेलं बरं. शिवाय विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं पिवळं कार्ड. आजी-आजोबांचा कॅनडाचा व्हिसा हे वेगळंच प्रकरण. २०१८ च्या अखेरीपासून त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यामुळे भारतातून निघण्याआधीच तो उरकून घेणं शहाणपणाचं.

सीमेवर सामानाचीही झडती होऊ शकते. फळं-भाज्यांचे नियम दोन्ही बाजूंना वेगळे आणि अधूनमधून बदलणारे, त्यामुळे सुमासच्या रांगेत उभ्या गाडीतच संत्री-सफरचंदांचा फडशा पाडणं ही आमच्याकडची रीतच झाली. सरपण मात्र अजिबात न्यायचं नाही. लाकडातून किडे इकडचे तिकडे जातात आणि जंगलाची जंगलं पोखरतात. बॅन्फमध्ये शेकोटीचा परवाना घेतला की लाकडं त्यातच मिळतात.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर अस्वलांचंही सांगायला हवं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दशम्या, गॅसच्या शेगडीवर चढलेला छोटा कुकर, हे सगळं आपण हौसेने नेतो. पण रॉकीजमध्ये जेवण झालं की टेबल पूर्ण रिकामं करायचं. कूलर, शेगडी, खरकटी भांडी, पाण्याची रिकामी बाटली, तेलाची बुधली, इतकंच काय टूथपेस्टसुद्धा गाडीत किंवा लोखंडी लॉकरमध्ये बंद करायची. तंबूत वासाची एकही वस्तू ठेवायची नाही. राखणदार फेरीवर येतात आणि टेबलावर काही दिसलं तर उचलून नेतात. लेक लुईजला तर कापडी तंबूंच्या आवाराला विजेचं कुंपणच आहे. हिंग-मोहरीची फोडणी शक्यतो घरीच करून न्यावी हे माझं मत बायकोला अजून पटलेलं नाही.

या सगळ्या धावपळीचं चीज होतं ते आइसफील्ड्स पार्कवेवर. लेक लुईज ते जॅस्पर, सुमारे २३० किलोमीटर. न थांबता गेलं तर तीन-साडेतीन तास, पण न थांबता जाणारा माणूस मी पाहिलेला नाही. बो लेक, मग पेटो लेक. हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात मिसळतं आणि तळ्याला तो दुधाळ निळा रंग येतो. वाटेत पेट्रोल मिळतं ते सस्कॅचेवान क्रॉसिंगला, एकाच ठिकाणी, आणि मोबाइलला बहुतेक वाटेत रेंज नसते. पुढे कोलंबिया आइसफील्डपाशी अथाबास्का हिमनदीकडे चढणारी पायवाट आहे. हिमनदी कोणत्या वर्षी कुठवर होती हे सांगणाऱ्या पाट्या त्या वाटेवर रोवल्या आहेत. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली. १९९२ च्या पाटीपाशी उभं राहून वर पाहिलं की बर्फ गाठायला किती खडकाळ उतार चढावा लागणार ते दिसतं. आमच्या मुलांना तापमानवाढ कळली ती तिथे, धापा टाकत.

मग आला २०२० चा मार्च. कोविडमुळे अत्यावश्यक नसलेल्या प्रवासाला सीमा बंद झाली आणि एरवी गृहीत धरलेली ही वाट एकदम परदेशाची झाली. ब्लेनच्या पीस आर्च पार्कमध्ये दोन्ही देशांत ताटातूट झालेली कुटुंबं हिरवळीवर भेटत. तिथे लोकांनी तंबू ठोकले, लग्नंही लागली. लस घेतलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या ग्रीनकार्डधारकांना कॅनडाने ९ ऑगस्ट २०२१ पासून आत घेतलं. कॅनडाच्या लोकांसाठी अमेरिकेने जमिनीवरची सीमा उघडली ती ८ नोव्हेंबरला. कॅनडात शिरण्याआधी ॲराइव्हकॅन ॲपवर माहिती भरण्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२२ ला उठली.

सीमा उघडली तेव्हा तंबू टाकायला सगळं जग बाहेर पडलेलं. गर्दी त्याआधीच वाढत होती. २०१७ मध्ये कॅनडाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट होता, तेव्हाच्या गाड्यांच्या रांगा आठवतात. आता उन्हाळ्याची जागा हिवाळ्यात मिळवायची. बुकिंग उघडायच्या सकाळी लॅपटॉप लावून बसायचं; बॅन्फचे आठ म्हणजे सिएटलचे सात, हे विसरायचं नाही. पडद्यावर रांगेतला नंबर येतो आणि तो हलायची वाट बघत चहाचे कप रिकामे होतात. एकेकाळी विसाच्या नोटेवर झळकलेल्या मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेताच येत नाही. शटलची काही तिकिटं वसंतात सुटतात, बाकीची दोन दिवस आधी सकाळी आठला. हा नियम योग्यच आहे. पहाटे चारला भरणारं ते पार्किंग आणि मागे घुटमळणाऱ्या गाड्या ज्याने पाहिल्या, तो शटलला नावं ठेवणार नाही.

माझी तक्रार आहे ती प्रत्येक रात्र आधीच बांधून टाकण्याच्या सवयीबद्दल. एक्सेलच्या तक्त्यात बारा रात्री, बारा कॅम्पसाइट, प्रत्येकीचा कन्फर्मेशन नंबर. मूल म्हणतं इथेच राहूया, बाप म्हणतो आपलं बुकिंग पुढे आहे. परतीला वॉटरटन उद्यानावरून चीफ माउंटनच्या नाक्याने मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात उतरण्याचा सुरेख फेरा अनेकजण त्यापायीच टाळतात. १९३२ पासून ही दोन उद्यानं मिळून आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झाली आहेत. नाका मात्र फक्त मे ते सप्टेंबर उघडा असतो आणि रात्री बंद होतो. उशीर झाला तर वळसा घालून दुसऱ्या नाक्याने जावं लागतं.

घट्ट तक्त्याचं काय होतं ते जुलै २०२४ ने दाखवलं. २२ तारखेच्या रात्री वणव्यामुळे जॅस्पर गाव आणि उद्यान रिकामं केलं, सुमारे २५ हजार माणसं हलवली, त्यात कितीतरी तंबूवाले. दोनच दिवसांनी आग गावात शिरली आणि जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतली जी कुटुंबं वाटेवर होती, त्यांपैकी मधल्या दोन-तीन रात्री मोकळ्या ठेवलेल्यांनी कूटेनीच्या बाजूला वळून सुट्टी सावरली. बाकीची घरी परतली.

तेव्हा यंदा निघणार असाल तर बॅन्फ आणि लेक लुईजचं बुकिंग जरूर आधी करा, ऑगस्टपेक्षा जूनअखेर किंवा सप्टेंबर धरा, धुराचा नकाशा रोज बघा आणि निदान दोन रात्री रिकाम्या सोडा. जॅस्पर वगळू नका. तंबूत राहिलात तरी एखादं जेवण गावात घ्या. जळालेली घरं पुन्हा बांधायला वर्षं लागणार आहेत आणि त्या गावाचं पोट प्रवाशांवरच चालतं.