पऱ्हाटीच्या फुलातली पन्नास वर्षं

कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पिवळसर पांढरं असतं. दुपार कलली की त्यावर गुलाबी झाक चढते, दुसऱ्या दिवशी ते लाल पडून मिटतं आणि पुढे गळून जातं. परागीभवन उरकतं ते पहिल्याच दिवशी. वऱ्हाडात कापसाचा इतिहास भाव, कर्ज आणि पाऊस यांच्यावरून सांगतात. फुलातल्या या घडामोडीकडे फारसं कोणी बघत नाही.

कपाशीचे पराग जड आणि चिकट. वाऱ्यावर उडत नाहीत; मधमाशीने इकडचे तिकडे नेले तेवढेच, बाकी फूल स्वतःच्याच परागावर फळतं. म्हणून सरळ वाणाचं बी पुढच्या वर्षीही बरंचसं तसंच निघायचं. चांगल्या बोंडांची सरकी ठेवायची आणि पाऊस पडला की पेरायची, एवढाच बियाण्याचा कारभार.

1969 साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं. त्याला अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांचं नाव मिळालं. 1970 मध्ये सुरतेत सी. टी. पटेल यांनी एच-4 हा कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण दिला. अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-2 मग कोरडवाहू वऱ्हाडात चांगलाच पसरला.

संकर म्हणजे नुसतं कष्टाचं काम. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी खुडायची, आतली कुक्षी मात्र दुखवायची नाही. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल त्यावर घासायचं आणि देठाला खुणेचा दोरा बांधायचा. असं एकेक फूल. हे काम बहुतेक बायका आणि पोरींच्या हातांनी झालं. वाणाच्या जाहिरातीत ते हात कधी दिसले नाहीत. संकरित झाडाची सरकी पेरली की पुढच्या पिढीत गुण फाटतात, एक झाड उंच तर दुसरं खुजं. बियाणं दरसाल विकत घेणं तिथून सुरू झालं.

2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारं विष बनवणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली आणि आपल्याकडे ती आली मुख्यतः संकरित वाणांतूनच. माझ्या मते खरी गोम इथे आहे. झाडाच्या पानात, पात्यात विष असतं. बोंडातली सरकी मात्र पुढची पिढी. झाडात जनुकाची एकच प्रत असेल, तर त्याच्या स्वपरागित बोंडात साधारण चौथा हिस्सा सरकी जनुकाशिवाय निघते. दोन जनुकांच्या वाणात दोन्ही नसलेली सोळात एक, आणि एकच असलेली त्याहून कितीतरी जास्त. गुलाबी बोंडअळी खाते नेमकी सरकीच! एकाच बोंडात तिला विषारी, कमी विषारी आणि बिनविषारी असं सगळं ताट मिळालं. अळीला विष पचवायला शिकवण्याची याहून चांगली सोय मला सुचत नाही.

त्यात फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक पुढे राखणं. कपाशी मुळात बहुवर्षायू झुडूप. पाणी दिलं की वेचणीनंतरही फुटते, फुलते. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत घर. 2017 च्या हंगामात विदर्भभर पाकळ्या आतून शिवल्यासारख्या बंद झालेल्या डोमकळ्या दिसल्या. फुलात शिरलेली अळी त्या पाकळ्या जाळ्याने बांधून टाकते.

अळी शिरलेल्या बोंडाचा कापूसही बिघडतो. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एक पेशी. फूल उमलतं त्याच सुमारास ती वाढू लागते, जवळपास तीन आठवडे लांबते आणि मग आतून सेल्युलोजचे थर चढवत जाड होते. मधेच सरकी पोखरली गेली तर तंतू कच्चा राहतो, रुईला डाग पडतो.

आता अकोल्याकडे सघन लागवडीचं बोलणं चाललं आहे: जवळजवळ झाडं, कमी दिवसांचं पीक, अळीचा जोर वाढण्याआधी वेचणी. हेक्टरी झाडं वाढली की बियाणंही जास्त लागतं. संकरित पाकिटांच्या भावात ते कसं बसवायचं, हा हिशेब अजून शेतकऱ्याच्याच गळ्यात आहे. बुटक्या, लवकर येणाऱ्या सरळ वाणांवर विद्यापीठाने जोर द्यावा, असं मला वाटतं. त्यांची सरकी निदान घरी ठेवता येते.